ईदच्या फोटोत अम्मी कुठे आहे?

आमच्या घरी ईदचे फोटो ढिगाने आहेत. आधी अब्बांच्या रिळाच्या कॅमेऱ्यातले, नंतर मोबाईलमधले. अम्मीचा इंतकाल झाला तेव्हा निधनवार्तेसाठी तिचा एक बरा फोटो शोधायला बसलो. ईदगाहबाहेर गळाभेट घेणारे आम्ही भाऊ सापडलो, नव्या कुर्त्यातली पोरं सापडली, शीरखुर्म्याचं पातेलं तर दर वर्षीचं सापडलं. तो रांधणारी सापडली नाही. एका फोटोत वाटी पुढे करणारा तिचा हात आहे, बस्स. शेवटी आधार कार्डावरचा फोटो दिला. त्या सगळ्या फोटोंत मी आहे आणि मोबाईल आल्यापासूनचे बरेचसे मीच काढलेत. म्हणून हा राग आधी स्वतःवर आहे.

लोक म्हणतात, चांगल्या फोटोला महागडा फोन लागतो. साफ खोटं. जळगाव-धुळ्यात आज फोन घरटी दोन-तीन आहेत. कमी पडतात ती दहा मिनिटं, जी आपण स्वयंपाकघरातल्या माणसांसाठी काढत नाही.

लगेच पडद्याचं कारण पुढे येतं. जिला फोटो नको, तिचा नकार शंभर टक्के मान्य. पण तिला विचारलं कोणी? हजच्या पासपोर्टसाठी फोटो चालतो, मग ईदच्या दिवशीच 'बायकांचे फोटो कशाला' हे कुठून येतं? फोटो काढणं म्हणजे तो स्टेटसवर टाकणं नव्हे. घरचा फोटो घरात राहू शकतो. आणि हे फक्त आपलंच नाही. दिवाळीचा फराळ करणाऱ्या हातांची गतही हीच आहे.

आता करायचं काय, तेही सांगतो. मास्तर आहे, उपाय न सांगता सुटका नाही. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते, त्यामुळे गेल्या काही वर्षांत रमजान ईद खानदेशच्या उन्हाळ्यातच येते आहे. अकरानंतर ऊन डोक्यावर आलं की डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात. म्हणून नमाजहून आल्याबरोबर, पाहुणे सुरू होण्याआधी, सगळ्यांना ओट्याच्या सावलीत बसवा. तोंडं उजेडाकडे, पाठ भिंतीकडे. पांढऱ्या कुर्त्यांच्या गर्दीत चेहरे काळवंडतात. स्क्रीनवर चेहऱ्यावर बोट टेकवा. आधी लेन्स पुसा, तिच्यावर तुपाचं बोट लागलेलं असतं. वडीलधाऱ्यांना मध्ये बसवा; कडेची माणसं फोनमध्ये ताणलेली दिसतात. लहान मुलांचा फोटो त्यांच्या उंचीला खाली बसून काढा. आणि टायमर लावा, म्हणजे फोटो काढणाराही फोटोत येईल.

काढलेला फोटो टिकवायलाही हवा. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्यात रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षं घालवली आणि त्यातल्या बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. त्यांची कबर आपल्या भुसावळात आहे. एकाच फोनमध्ये ठेवलेला आल्बम म्हणजे तीच आग वाट बघत बसलेली. व्हॉट्सअॅपवर फोटो बारीक होऊन जातो, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा. दोन चांगले फोटो छापून घ्या आणि मागे पेन्सिलीने नावं, तारीख, गाव लिहा. इतिहासाचार्य राजवाडे यांनी घरोघरचे जुने कागद जमवले. त्यांच्या नावाची संस्था धुळ्यातच उभी आहे. नाव-तारीख असलेला कागद दस्तऐवज होतो, नसलेला रद्दीत जातो. फोटोचंही तसंच.

पुढच्या ईदला शीरखुर्मा चुलीवरून उतरला की भांडं झाका आणि रांधणारीला आधी बाहेर बोलवा. ती म्हणेल, "अरे, माझे कपडे बघ, हात बघ." तसंच बसवा. पाच मिनिटांनी शीरखुर्मा गार होत नाही.