कित्ता आणि कॉपी

परवा रविवारी धाकटा भाऊ जेवायला आला होता. जेवणं झाल्यावर नातवाने त्याची नवी तबकडी लावली. ओटिस रेडिंग नावाच्या अमेरिकन गायकाची, १९६५ सालची, 'ओटिस ब्लू'. या संगीताला 'सोल' म्हणतात. कृष्णवर्णीयांच्या चर्चमधल्या भजनाचा सूर प्रेमाच्या आणि दुःखाच्या गाण्यांत मिसळला, त्यातून ते घडलं. माझं बी.ए. मराठीतून, त्यामुळे निम्मे शब्द डोक्यावरून जातात. पण आवाजातली कळ पोचायला शब्दकोश लागत नाही!

भावाने तबकडीचं वेष्टन उलटं करून यादी वाचली आणि म्हणाला, "अगं ताई, अकरातली आठ गाणी दुसऱ्यांची! ही तर कॉपी. यात ह्याचं स्वतःचं काय?"

पाहुणा घरी आलेला, म्हणून मी गप्प बसले. पण तो हा ब्लॉग वाचतो, हे मला ठाऊक आहे. तेव्हा उत्तर इथेच देते.

आठही गाणी ओटिसच्या गुरूंची नव्हेत, हे मान्य. पण तीन सॅम कुकची आहेत, आणि सॅम कुक हे ओटिसचं दैवत. ११ डिसेंबर १९६४ रोजी लॉस एंजेलिसमध्ये सॅम कुक गोळी लागून गेला, अवघ्या तेहतिसाव्या वर्षी. पुढच्या जुलैत ओटिस मेम्फिसच्या स्टॅक्स स्टुडिओत उभा राहिला. जुन्या सिनेमा थिएटरचा केलेला हा स्टुडिओ. तिथे जेमतेम एका दिवस-रात्रीत जवळजवळ सगळी तबकडी झाली. ओटिसचं वय होतं तेवीस.

त्या तिनांतलं एक गाणं म्हणजे 'अ चेंज इज गॉना कम'. १९६३ मध्ये लुइझियानातल्या एका मोटेलने सॅम कुकला त्याच्या रंगामुळे खोली नाकारली होती. तो अपमान त्या गाण्यामागे आहे. सॅम कुक ते व्हायोलिनांच्या मोठ्या ताफ्यासह, संथ आणि भारदस्त गातो. ओटिसकडे व्हायोलिनं नाहीत. ट्रम्पेट, सॅक्सोफोन, ड्रम आणि घोगरा गळा, एवढंच. शब्दही त्याने थोडे मागेपुढे केले. गुरूची नक्कल करायची असती तर त्याने तो गुळगुळीत गळा काढायचा प्रयत्न केला असता. त्याने तो केला नाही. गाणं गुरूचं, कळ स्वतःची. आता याला कॉपी म्हणायचं?

कॉपी कशाला म्हणतात ते सांगते. ओटिस जॉर्जियातल्या मेकन गावात वाढला. त्याच गावचा लिटल रिचर्ड हा त्याचा दुसरा आदर्श. लिटल रिचर्डचं 'टुटी फ्रुटी' १९५५ मध्ये आलं. लगेच १९५६ मध्ये पॅट बून या गोऱ्या गायकाने तेच गाणं सोज्वळ करून गायलं आणि मुख्य यादीत ते मूळ गाण्यापेक्षाही वर गेलं! कृष्णवर्णीयांच्या तबकड्या कित्येक रेडिओ केंद्रं तेव्हा वाजवतच नसत. म्हणजे मूळ गायक दाराबाहेर आणि त्याचं गाणं आत, दुसऱ्याच्या तोंडून.

इंग्रजीत या दोन्हींना 'कव्हर' हा एकच शब्द आहे. आमच्या शाळेत मात्र दोन होते. कॉपी करणं आणि कित्ता गिरवणं. कॉपी करणारा मुलगा वही झाकतो. कित्ता गिरवणारा मुलगा वर मूळ अक्षर दिसेल असंच ठेवतो, आणि गिरवता गिरवता एक दिवस त्याचं स्वतःचं वळण तयार होतं. ओटिसचं गाणं ऐकून माणूस सॅम कुककडे जातो. पॅट बूनचं गाणं ऐकून कितीजण लिटल रिचर्डकडे गेले असतील?

आणि देणं फिरतंच. त्याच तबकडीवर ओटिसने स्वतः लिहिलेलं 'रिस्पेक्ट' आहे. घरी परतलेला नवरा बायकोकडे मान मागतो, असं ते गाणं. १९६७ मध्ये अरेथा फ्रँकलिनने तेच गाणं उलटं फिरवलं. आता बाई मान मागू लागली, तीही त्या शब्दाची अक्षरं सुटी सुटी करून! ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. त्याच वर्षी मॉन्टेरेच्या महोत्सवात ओटिसने रंगमंचावरून हसत सांगितलं की एका मुलीने हे गाणं माझ्याकडून पळवलं. १० डिसेंबर १९६७ रोजी विमान अपघातात तो गेला. वय सव्वीस. सॅम कुकच्या तिसऱ्या स्मृतिदिनाला एक दिवस कमी.

भावावर मी एवढी का चिडले, तेही सांगून टाकते. नोकरीच्या पहिल्या वर्षांत एका मुलीने एका नामवंत लेखिकेच्या धाटणीत निबंध लिहिला होता. तिचं नावही तिने खाली प्रामाणिकपणे दिलं होतं. मी लाल शाईने 'कॉपी' असा शेरा मारला आणि वर्गात वाचूनही दाखवला. त्या मुलीने नंतर कधी मन लावून निबंध लिहिला नाही. ती वही झाकत नव्हती, हे मला तेव्हा दिसलंच नाही.

तेव्हा बाबा रे, पुढच्या रविवारी पुन्हा ये. आधी सॅम कुक लावू, मग ओटिस. शेरा नंतर मार.