पोरंच ती!

खर्डा, तालुका जामखेड. 28 एप्रिल 2014 रोजी सतरा वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याला शाळेच्या आवारातून मारहाण करीत नेल्याचा आरोप झाला. पुढे त्याचा मृतदेह झाडाला लटकलेला सापडला. सवर्ण मुलीशी बोलतो, एवढाच त्याच्यावर संशय. खटला उभा राहिला आणि साक्षीदार एकामागून एक फितूर झाले. त्यांत शाळेतली माणसेही होती. नोव्हेंबर 2017 मध्ये सगळे आरोपी निर्दोष सुटले. न्यायालय पुराव्यावर चालते. तो पुरावा कोणी गिळला?

आपण हळहळतो आणि हे खेड्यातले, अपवादाचे म्हणून मोकळे होतो. शहरातल्या वर्गात डोकावा. बाई रजिस्टर उघडून म्हणतात, "स्कॉलरशिपवाले हात वर करा." चार हात अर्धेमुर्धे वर येतात, मागच्या बाकावर कोणी खुसखुसते. मधल्या सुट्टीपर्यंत त्या चौघांचे नवे नाव ठरलेले असते: फुकटे. नाजूक बोलणारा बायल्या, मुसलमान तो पाकिस्तानी. आई तक्रार घेऊन गेली की मुख्याध्यापकांचे ठरलेले उत्तर, "अहो, पोरंच ती! मस्ती करणारच. तुमच्या मुलालाच जरा धीट करा." फार ताणले तर दाखला हातात. दाखला निघतो तो नेहमी मार खाणाऱ्याचा.

दहा वर्षांच्या पोराला जात कोणी शिकवली? "त्याच्या डब्यातलं खाऊ नकोस" हे त्याने घरीच ऐकले, सुशिक्षितांच्या घरी.

कायदे नाहीत असे नाही. महाराष्ट्राच्या 1999 च्या रॅगिंगविरोधी कायद्यात चिडवणे, लाजवणेही बसते आणि तक्रारीकडे डोळेझाक करणारा संस्थाप्रमुख गुन्ह्याचा साथीदार ठरतो. पण शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैदेची. सहावीतल्या पोरावर ती चालवा, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. म्हणून शाळेत काहीच चालत नाही. जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जात, भाषा, जन्मस्थान पाहून केलेल्या खुनासाठी वेगळे उपकलम आहे, पण त्यासाठी आधी माणूस मरावा लागतो, तोही पाच किंवा अधिक जणांच्या हातून.

हवा आहे तो शालेय छळाविरुद्धचा स्वतंत्र राज्य कायदा, आणि त्याचा रोख पोरांवर नव्हे, मोठ्यांवर हवा. तक्रारीची लेखी नोंद आणि मुदतीत चौकशी मुख्याध्यापकाला बंधनकारक असावी. छळ जातीवरून, धर्मावरून, अपंगत्वावरून झाला तर ते कागदावर स्पष्ट लिहावे. तक्रारदाराला दाखला देऊन घालवणाऱ्या संस्थेचे अनुदान रोखावे. छळणाऱ्या मुलाला तुरुंग नको, समुपदेशन हवे. त्याच्या आईबापांना तर सक्तीचे.

कायद्याने मने बदलत नाहीत, हे पालुपद आता येईलच. सामाजिक बहिष्काराविरुद्ध राज्याने 2016 चा कायदा केला, तेव्हाही ते होतेच. जातपंचायतींची मने बदलली की नाही, देव जाणे. वाळीत टाकलेल्या कुटुंबाला पोलीस ठाण्यात बोट ठेवायला एक कलम तरी मिळाले.