विश्लेषण : ‘शकुंतला’ खरेच ब्रिटिशांची होती का? विदर्भातील ही रेल्वे कशामुळे थांबली?

‘स्वातंत्र्यानंतरही ब्रिटिशांच्या मालकीची राहिलेली भारतातील एकमेव रेल्वे’ अशी शकुंतला एक्स्प्रेसची ओळख समाजमाध्यमांवर वारंवार फिरत असते. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही नॅरोगेज आता बंद आहे. मालकीचा किस्सा मात्र अजून जोरात धावतो आहे. त्यात तथ्य किती?

मार्ग कशासाठी टाकला गेला?

कापसासाठी. वऱ्हाडातील कापूस मुंबई बंदरात आणि तेथून इंग्लंडमधील गिरण्यांना पाठवला जात असे. मुंबई-नागपूर मुख्य मार्ग मूर्तिजापूरवरून जात होता, पण यवतमाळ आणि अचलपूरच्या बाजारपेठा त्यापासून दूर होत्या. मुंबईतील किलिक-निक्सन कंपनीने १९१० मध्ये ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी’ स्थापन केली. ७६२ मिलिमीटर रुंदीचे रूळ टाकून मूर्तिजापूर ते यवतमाळ (सुमारे ११३ किमी) आणि मूर्तिजापूर ते अचलपूर (सुमारे ७६ किमी) असे दोन फाटे तयार झाले. पुलगाव-आर्वी हा ३५ किमीचा तिसरा मार्गही याच कंपनीचा.

गाडी कोण चालवत होते?

येथेच गल्लत होते. मार्ग कंपनीचा, पण गाडी चालवायची ‘ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे’ने आणि उत्पन्नातील वाटा कंपनीला द्यायचा, अशी ही व्यवस्था होती. १९५१ मध्ये मध्य रेल्वे अस्तित्वात आल्यावर गाडी चालवण्याची जबाबदारी तिच्याकडे आली. म्हणजे चालक, गार्ड, तिकीट सगळे भारतीय रेल्वेचे आणि रूळ मात्र खासगी कंपनीचे. किलिक-निक्सनची मालकीही स्वातंत्र्यानंतर भारतीय उद्योजकांकडे आली. त्यामुळे ‘ब्रिटिशांची रेल्वे’पेक्षा ‘सरकारने विकत न घेतलेली रेल्वे’ हे वर्णन अधिक नेमके ठरते.

विकत न घेतल्याने काय बिघडले?

याचे उत्तर महाराष्ट्रातीलच बार्शी लाइट रेल्वेत सापडते. तीही ७६२ मिलिमीटरचीच. १८९७ मध्ये सुरू झालेला हा मार्ग पुढे लातूर, पंढरपूर आणि मिरजेपर्यंत वाढून सुमारे ३२५ किमीचा झाला. गंमत म्हणजे, ही कंपनी थेट लंडनमध्ये नोंदलेली होती. तरीही सरकारने १ जानेवारी १९५४ रोजी ती ताब्यात घेतली. या मार्गालाही ब्रॉडगेजसाठी अनेक दशके थांबावे लागले. पण मालकीचा प्रश्न उरला नव्हता, म्हणून मागणी थेट रेल्वे मंत्रालयाकडे नेता आली. २००० नंतरच्या दशकात टप्प्याटप्प्याने रुंदीकरण झाले. आज लातूरहून थेट मुंबईची गाडी सुटते.

शकुंतलेबाबत करार वाढवले जात राहिले. जो मार्ग आपला नाही त्यावर मोठा खर्च रेल्वे करेना आणि कंपनीला त्यात भांडवल घालण्याजोगी कमाई दिसेना. मँचेस्टरमध्ये १९२१ साली बनलेले वाफेचे इंजिन थेट १५ एप्रिल १९९४ पर्यंत गाडी ओढत होते. त्यानंतर डिझेल इंजिन आले, पण रूळ आणि पूल जुनेच राहिले. वेग ताशी २० किमीच्या आसपास.

दोष फक्त मालकीचा होता का?

नाही. नॅरोगेजचा माल मूर्तिजापुरात उतरवून पुन्हा ब्रॉडगेजच्या वाघिणीत भरावा लागे. जिनिंगच्या दारातून थेट निघणाऱ्या ट्रकपुढे हा द्राविडी प्राणायाम टिकणारा नव्हता. मालवाहतूक गेली आणि उरले ते स्वस्त तिकिटावर प्रवास करणारे शेतकरी, मजूर, विद्यार्थी. त्यांच्या भाड्यावर मार्गाचा खर्च निघणे शक्यच नव्हते. गेल्या दशकाच्या उत्तरार्धात सुरक्षेच्या कारणावरून आणि रुंदीकरणाच्या आशेवर दोन्ही फाटे एकामागोमाग थांबले.

आता पुढे काय?

२०१६ मध्ये तत्कालीन रेल्वेमंत्री सुरेश प्रभू यांच्या काळात रुंदीकरणासाठी सुमारे १,५०० कोटी रुपयांची मंजुरी जाहीर झाली. पण ब्रॉडगेज गाडी काही आली नाही. दरम्यान, २८४ किमीच्या वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाचे काम सुरू असून, वर्धा-कळंब टप्प्याचे उद्घाटन फेब्रुवारी २०२४ मध्ये झाले. यवतमाळ आणि दारव्ह्याला त्यातून रेल्वे मिळेल. कारंजा, दर्यापूर, अंजनगाव आणि अचलपूर मात्र या नकाशात नाहीत. अचलपूरकरांना आजही रेल्वेसाठी आधी अमरावती किंवा बडनेरा गाठावे लागते.

म्हणूनच शकुंतलेचा प्रश्न केवळ आठवणींचा नाही. मालक इंग्रज की भारतीय, या चर्चेत मूळ मुद्दा मागे पडतो. एकेकाळी रेल्वे असलेल्या या चार गावांना ती पुन्हा कधी मिळणार, याचे वेळापत्रक जाहीर व्हायला हवे.