मॅटखालचं गुपित

काय दोस्तांनो, संपला का दिवाळीचा फराळ? आज तुम्हांला एका वासाची गोष्ट सांगणार आहे. नाक धरून वाचलीत तरी चालेल!

यंदाच्या कोजागरीला माझ्या ताईकडची मंडळी गाडीनं आत्याकडे निघाली होती. मसाला दुधाची किटली भाचेबुवांच्या पायांशी. "झाकण घट्ट धर हं," असं ताईनं दोनदा बजावलेलं. पण स्पीडब्रेकरवर गाडी उसळली आणि पेलाभर दूध खालच्या कार्पेटवर सांडलं. स्वारी गप्प! रबरी मॅट हळूच त्यावर ओढली. झालं!

आठ दिवसांत गाडीत असा वास सुटला, की विचारू नका. बाबांनी अत्तराची कुपी टांगली. मग आंबट वासात मोगरा मिसळला आणि सगळ्यांना मळमळायला लागलं. शेवटी बाबा गाडी धुणाऱ्या काकांवर उखडले. "ओली फडकी आत ठेवता ना? उद्यापासून येऊ नका." काकांनी मुकाट्यानं बादली उचलली. भाचा खिडकीतून बघत होता. त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही. मग मला फोन. "मामा, दुधाचा वास कसा घालवतात?"

आधी तो येतो कुठून, ते बघू. दुधात साखर, स्निग्धांश आणि प्रथिनं असतात. जिवाणूंना ती मेजवानीच! दुधातल्या साखरेचं ते लॅक्टिक आम्ल करतात; दही आंबट होतं ते यामुळेच. स्निग्धांश नासला की ब्युटिरिक आम्ल सुटतं. खवट लोण्याचा वास आठवतो? तोच हा! त्यातून कार्पेटखाली स्पंजासारखा जाड थर असतो. दूध तिथं मुरतं आणि बंद गाडीच्या उकाड्यात जिवाणूंची चंगळ होते. अत्तर त्यांना हटवत नाही, फक्त आपल्या नाकाला फसवतं.

मग करायचं काय?

१) सांडल्या सांडल्या सुती फडक्यानं टिपून घ्या. घासू नका, घासलं की दूध आणखी खोल जातं.

२) गार पाण्यात भांड्यांच्या पातळ साबणाचे चार थेंब टाका. फडकं बुडवून, पिळून, डागाच्या कडेकडून मध्याकडे टिपत या. गरम पाणी नको. त्यानं प्रथिनं घट्ट होऊन धाग्यांना चिकटतात.

३) साध्या पाण्याच्या फडक्यानं साबण काढा. मग कोरडा टॉवेल पसरून त्यावर चक्क उभे राहा. आतलं पाणी टॉवेलात येतं.

४) कार्पेट जवळजवळ सुकलं की खाण्याचा सोडा भुरभुरवा आणि रात्रभर ठेवा. सोडा आम्लाचा क्षार करतो. क्षार हवेत उडत नाही, म्हणून वास कमी होतो. सकाळी ब्रशनं झाडून काढा.

५) दारं उघडी ठेवून गाडी उन्हात पूर्ण वाळवा. आत ओल राहिली तर बुरशी आलीच!

आणि हो, दूध मुरून बरेच दिवस झाले असतील तर कार्पेट उचलावं लागतं. खाली वायरी असतात, तेव्हा ते काम मोठ्यांचं. ब्लीचिंग पावडर आणि व्हिनेगर कधीही एकत्र करू नका, विषारी वायू निघतो. आणि बंद गाडीत खेळत बसायचं नाही, कधीच.

हे सगळं फोनवर सांगून झालं, तरी भाचा गप्पच. मी म्हटलं, "अरे, कार्पेटचं झालं. काकांचं काय?"

त्यानं त्याच रात्री बाबांना सगळं सांगितलं. सकाळी दोघं काकांच्या घरी गेले. भाच्यानं माफी मागितली, बाबांनीही मागितली. काका सोमवारी आले, कार्पेटची कड उचलली आणि खालचा पिवळा, ओला थर दाखवला. म्हणाले, "बाळा, त्याच दिवशी सांगितलं असतंस, तर पाच मिनिटांचं काम होतं रे."

दोन दिवस थर उन्हात वाळला. दिवाळीला गाडी आत्याकडे गेली. या वेळी डब्यात चकल्या होत्या.

तुमच्या मॅटखाली काही नाही ना, दोस्तांनो? असेल तर आजच सांगून टाका!