एकादशीला द्वादशी असते

‘मनाचा निर्धार असला म्हणजे पथ्य ते काय अवघड?’ असे विचारणाऱ्या हितचिंतकांची एक जात आहे. नोकरीनिमित्त परमुलखात राहणाऱ्या आम्हां मराठी माणसांच्या बैठकींत ती विशेष बोकाळली आहे; आणि तिच्याशी आमचे उघड भांडण आहे.

दोन वर्षांपूर्वी आमच्या रक्तात साखर वाढलेली निघाली. मैदा, साखर, पांढरा भात आणि पुडक्यांतले यच्चयावत् पदार्थ डॉक्टरांनी बंद केले, आणि अख्खे धान्य, कडधान्ये व भाज्या यांवर आम्हांला आणून ठेवले. त्याबद्दल आमची तक्रार नाही. उपाशी राहणेही कठीण नसते. एकादशा आम्हीही केल्या आहेत. पण एकादशीला द्वादशी असते. या पथ्याला ती नाही.

दिल्लीत ज्वारीचे पीठ मिळत नाही असे नव्हे. परंतु ते दुकानात किती दिवस पडून असते, कोण जाणे! पिठाची विरी गेलेली असली की भाकरी थापतानाच चिरते. गव्हाचा चिकटपणा ज्वारीत नसतो, म्हणून कढत पाण्यात पीठ मळावे. शिळ्या पिठापुढे तोही उपाय थिटा पडतो. मग अख्खी ज्वारी आणा, निवडा, आणि ती दळून देणारा चक्कीवाला मिनतवारीने शोधा. हे सारे कचेरीत बोटाचा ठसा उमटवण्याच्या वेळेआधी उरकायचे. आणि उरकते कोण? निर्धार आमचा, परातीपुढे उभी आमची पत्नी, जिला स्वतःचीही कचेरी गाठायची असते. एके सकाळी ओळीने तिसरी भाकरी मोडली, तेव्हा ती काही न बोलता ओट्याशी रडत उभी राहिली. आम्ही मात्र घड्याळाकडे पाहत होतो. त्या दिवसापासून ‘निर्धार’ हा शब्द आम्हांला सहन होत नाही.

कचेरीतही तेच. कोणाची बढती, कोणाची बदली. पेढ्यांचा डबा टेबलावर येतो, आणि ‘एकाने काय होते?’ म्हणून आग्रह. नको म्हणताना तोंडाला पाणी सुटते, त्याचे दुःख नाही. मंडळींतून आपण उठून गेल्यासारखे वाटते, त्याचे आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले, सरकारने त्या धान्यांना ‘श्रीअन्न’ हे गोंडस नावही दिले. आमच्या कचेरीत फलक लागला आणि त्याच फलकाखाली समोसे वाटले गेले!

तेव्हा हितचिंतकहो, उपदेश पुरे. कोजागरीला मंडळात आटीव दुधाशेजारी एक परात भाकऱ्यांची ठेवा. शेजारच्या दोन-चार घरांनी मिळून ज्वारी दळून आणा. आणि थापायला पुरुषांनी बसा. आम्ही बसू लागलो आहोत. आमची भाकरी अजून काठाला चिरते, आणि पत्नी ती न हसता ताटात वाढून घेते.