ऑरलँडोचा मुक्काम आणि घरची चूल

मुलगा न्यू जर्सीत, मुलगी टेक्ससमध्ये, आणि आईवडील उन्हाळ्यात त्यांच्याकडे महिना-दीड महिना, ही गोष्ट आता जैन व्यापारी घरांत नवलाची उरलेली नाही. तिथे पोहोचल्यावर नातवंडांचा पहिला हट्ट बहुधा फ्लोरिडातील डिझ्नी वर्ल्डचा असतो. विमानाचे भाडे आणि उद्यानाची तिकिटे यांत घासाघीस करण्यास फारसा वाव नाही. मुक्कामाचे मात्र तसे नाही. एकाच गावात, एकाच रात्री, तेवढ्याच माणसांच्या राहण्याच्या खर्चात दुपटीचा फरक पडू शकतो. आणि जैन कुटुंबाच्या बाबतीत हा फरक केवळ पैशांचा राहत नाही. घरातील वडीलधारी मंडळी सोबत येणार की मागे राहणार, हेही पुष्कळदा त्यावरच ठरते.

या गावाचा बाजार असा का, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. वॉल्ट डिझ्नी यांनी १९५५ साली कॅलिफोर्नियातील अनाहाइम येथे आपले पहिले उद्यान उघडले. जागा बेताची होती. उद्यान चालू लागले आणि कुंपणाबाहेर बघता बघता मोटेलांची रांग उभी राहिली. माणसे आणायची डिझ्नींनी आणि निजवण्याचे पैसे घ्यायचे दुसऱ्यांनी, असा तो व्यवहार झाला. हा धडा लक्षात ठेवून फ्लोरिडात त्यांनी वेगवेगळ्या नावांच्या लहान कंपन्यांमार्फत, गाजावाजा न करता, सुमारे २७ हजार एकर जमीन घेतली आणि मगच १९६५ मध्ये बेत जाहीर केला. १ ऑक्टोबर १९७१ रोजी उद्यान सुरू झाले, ते या अफाट जमिनीवरच. पेठेतील कोणत्याही मुरलेल्या व्यापाऱ्याने मान डोलवावी अशी ही खरेदी होती. तिचा परिणाम आजही जाणवतो : उद्यानाच्या खरोखर जवळची निवासस्थाने बहुतेक कंपनीच्या स्वतःच्या जमिनीवर आहेत आणि स्वस्त मुक्काम त्या हद्दीबाहेर शोधावा लागतो.

हद्दीबाहेरचा मुख्य रस्ता म्हणजे किसिमी गावाकडे जाणारा महामार्ग क्रमांक १९२. त्याला अर्लो ब्रॉन्सन यांचे नाव आहे. हे गृहस्थ पशुपालक आणि राज्याच्या सिनेटचे सदस्य. डिझ्नींना विकल्या गेलेल्या जमिनीतील मोठा तुकडा त्यांचाच होता. या रस्त्याच्या दुतर्फा जुनी मोटेले, नवी हॉटेले आणि त्यांच्या मागे सुट्टीसाठी भाड्याने मिळणाऱ्या घरांच्या वसाहती पसरल्या आहेत. तशाच वसाहती दक्षिणेकडे डेव्हनपोर्ट आणि पश्चिमेकडे क्लेरमाँट या भागांतही आहेत.

इथे 'जवळ' या शब्दाचा अर्थ मैलांत काढू नये. आय-४ हा हमरस्ता सायंकाळी तुंबतो आणि नकाशावर चार बोटे दिसणारे अंतर तासाभराचे होते. शिवाय मोटारीने मॅजिक किंगडमला गेले की वाहनतळ उद्यानाच्या दाराशी नसतो. तो सरोवराच्या अलीकडे आहे. तिथून मोनोरेलने किंवा बोटीने पलीकडे जायचे. मोटार लावल्यापासून प्रत्यक्ष दारात पोहोचेपर्यंत अर्धा-पाऊण तास सहज जातो. त्यामुळे 'दुपारी घरी येऊन जेवू आणि पुन्हा जाऊ' हा बेत कागदावरच बरा दिसतो.

कंपनीच्या स्वतःच्या निवासांत सर्वांत कमी दराचा एक वर्ग आहे. ऑल-स्टार, पॉप सेंच्युरी ही त्यांतली नावे. उद्यानापर्यंत बस फुकट, वाहनतळाचे शुल्क नाही, आणि सकाळी इतरांच्या अर्धा तास आधी आत प्रवेश. चौघांच्या कुटुंबाला, बाहेरचे खाणे चालत असेल तर, ही सोय खरोखर चांगली. पण साध्या खोलीत चौघांपेक्षा अधिक माणसांना राहता येत नाही आणि खोलीत शेगडी नसते. सहा जणांसाठी जे मोठे संच मिळतात त्यांतही लहान फ्रिज आणि मायक्रोवेव्ह एवढेच. मायक्रोवेव्हवर खिचडी होते, हे खरे. सहा दिवस, नऊ माणसांची, दोन वेळा, अशी होत नाही.

सांगलीच्या हळदबाजारातील एका घरात नेमका हाच पेच पडला होता. माणसे नऊ : दोन भाऊ, दोन सुना, चार मुले आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या आक्का. आक्कांचा रात्रिभोजनत्याग तीस वर्षांचा. कंदमूळ त्यांनी लग्नाआधीच सोडलेले. पाणी वस्त्रगाळ आणि उकळलेले. न्यू जर्सीच्या मुलीने हौसेने हॉटेलच्या तीन खोल्या पाहून ठेवल्या आणि 'नाश्ता फुकट आहे' असे आवर्जून कळवले. आक्कांनी त्या नाश्त्यात काय असते ते नातवाकडून विचारून घेतले. अंडी, अंडी घातलेले केक, मांसाचे तुकडे आणि बटाटा. त्या एवढेच म्हणाल्या, "तुम्ही सगळे जाऊन या. मी पोरीच्या घरी राहते. मला जपमाळ आहे." घरातील धाकट्या सुनेला मात्र हे पटले नाही. आक्कांना न्यू जर्सीत एकट्या ठेवून फ्लोरिडात फोटो काढायचे, तर मग अमेरिकेला एकत्र आलो कशाला, असे तिने नवऱ्याला स्पष्ट विचारले. हॉटेल सोडून घर शोधायचे, असे तिथून ठरले.

घर शोधणे म्हणजे चैन, अशी अनेकांची समजूत असते. हिशेब मांडून पाहिल्यावर ती टिकत नाही. उदाहरणादाखल आकडे धरावेत. बाजारातील दर तारखेनुसार बदलतातच. समजा, हॉटेलची एक खोली रात्री १३० डॉलर. नऊ माणसांना तीन खोल्या, सहा रात्री : २,३४० डॉलर. खोलीमागे रोज ३० डॉलर 'रिसॉर्ट शुल्क' धरले तर आणखी ५४०. त्यावर सुमारे साडेबारा टक्के कर. एकूण ३,२४० डॉलर. आता चार शयनगृहांचे घर रात्री २८० डॉलर धरावे. सहा रात्रींचे १,६८०; सफाईचे एकरकमी २५०; त्यावर साडेतेरा टक्के कर. एकूण सुमारे २,१९० डॉलर. म्हणजे हजार डॉलरांहून अधिक बचत, आणि जेवणाचा हिशेब अजून धरलेलाच नाही. हाच हिशेब चौघांसाठी केला तर मात्र उलटतो : एक खोली १,०८० डॉलरांत पडते आणि घराचे २,१९० तसेच राहतात. चौघांनी घराच्या मोहात पडू नये. शेगडी असलेला हॉटेलचा संच शोधावा. तसे संच त्या भागात पुष्कळ आहेत. सहा-सात माणसांपासून पुढे घर परवडू लागते, आणि दोन नातेवाईक कुटुंबांनी मिळून घेतले तर प्रश्नच नाही. फक्त मोटारीचा विचार आधी करावा. नऊ माणसे सात आसनांच्या गाडीत बसत नाहीत आणि दुसरी गाडी घेतली की तिचे भाडे व वाहनतळाचे शुल्कही आले.

जाहिरातीतील दर आणि बिलातील रक्कम यांत पूर्वी फार अंतर असे. मे २०२५ पासून अमेरिकेत निवासाच्या जाहिरातीत सक्तीची सर्व शुल्के धरूनच एकूण किंमत दाखवणे बंधनकारक झाले आहे. कर मात्र त्याबाहेर राहू शकतो. आणि जलतरण तलाव गरम करण्याचे पैसे ऐच्छिक म्हणून वेगळे लावतात. मे महिन्यात तलाव गरम करण्याची गरज नसते. तेथील ऊन आपल्या कोकणाची आठवण करून देते.

घर खरे आहे की नाही, ही भीती रास्त आहे. परदेशातील अनोळखी माणसाला आगाऊ पैसे पाठवायचे, तर पत पाहिल्याशिवाय कोणी व्यापारी पाठवीत नाही. फ्लोरिडात संपूर्ण घर पर्यटकांना वारंवार भाड्याने देण्यासाठी राज्याच्या व्यवसाय नियमन विभागाचा परवाना लागतो आणि तो परवाना त्या विभागाच्या संकेतस्थळावर कोणालाही तपासता येतो. मालकाकडे परवान्याचा क्रमांक मागावा. देण्यास टाळाटाळ झाली तर तो विषय तेथेच संपवावा. नोंदणीच्या मंचाबाहेर, थेट बँकेत पैसे पाठवण्याचा आग्रह हे दुसरे लक्षण. तिथे सवलत कितीही गोड असो, हात आखडता घ्यावा.

आणखी एक सापळा रस्त्याच्या कडेलाच असतो. '१९२'च्या काठी आणि काही हॉटेलांच्या दिवाणखान्यात उद्यानाची तिकिटे अत्यल्प दरात देणारी मंडळी बसलेली असतात. अट एकच : दीड तासाचे एक सादरीकरण ऐकायचे. ते सादरीकरण 'टाइमशेअर'चे, म्हणजे सुट्टीच्या घरातील वार्षिक हिस्सा विकण्याचे असते. दीड तासाचा अर्धा दिवस होतो आणि भिडस्त माणूस सही करून बसतो. सही झालीच असेल, तर फ्लोरिडाच्या कायद्याने दहा दिवसांत लेखी कळवून करार रद्द करता येतो. मुळात दोन तिकिटांच्या बचतीसाठी सुट्टीची एक सकाळ गहाण ठेवणे हाच तोट्याचा सौदा आहे.

आता चुलीविषयी. भाड्याच्या घरात भांडी असतात. पण त्यांत आधीच्या मुक्कामकऱ्यांनी काय शिजवले, हे कोण सांगणार? सांगलीच्या त्या कुटुंबाने एक कुकर, दोन पातेली, तवा, लाटणे आणि गाळण्याचे स्वच्छ वस्त्र बरोबर नेले. काचेच्या सपाट विजेच्या शेगड्या तिथे सर्रास असतात. म्हणून भांड्याचा तळ सपाट हवा. भारतातील विजेची किटली नेण्यात अर्थ नाही, कारण तिथला दाब १२० व्होल्टचा आहे. सामानातील प्रत्येक खाद्यपदार्थ विमानतळावर जाहीर करावा लागतो. खाकरा, पापड, भाजणी, मेतकूट यांची फारशी अडचण येत नाही. तांदूळ आणि अख्खे हरभरे मात्र नेऊ नयेत; खपरा नावाच्या धान्यकिडीच्या भीतीने भारतातून प्रवाशाने ते आणण्यास तिथे मनाई आहे. धान्याच्या पेढीवर उमेद घालवलेल्यांना ही कीड वेगळी सांगावी लागणार नाही. ऑरलँडोत भारतीय किराणा दुकाने आहेत. पहिल्याच दिवशी तिथून आठवड्याचा शिधा भरावा. आणि फोडणी देताना वरचा पंखा आधी लावावा. धुराचा भोंगा वाजू लागला की मुलांची करमणूक होते, सुनांची होत नाही.

उद्यानात घरचा डबा नेता येतो, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊकच नसते. काचेची भांडी आणि मद्य वर्ज्य. बाकी पोळी, सुकी भाजी, दशमी, फळे खुशाल न्यावीत. बर्फाचे थंड पाणीही तिथल्या खाद्यगृहांच्या खिडकीवर विनामूल्य मिळते. उकळलेल्या पाण्याचा नियम असणाऱ्यांनी आपली बाटली घरून भरावी.

कोणत्या महिन्यात जावे, याचे उत्तर जैन कुटुंबासाठी सूर्य देतो. मेच्या मध्याला ऑरलँडोत सूर्यास्त रात्री आठनंतर होतो. साडेसहाला उद्यानातून निघून, घरी येऊन, शांतपणे जेवण आटोपता येते. दिवाळीच्या सुट्टीत हीच सहल कठीण होते. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळे तासभर मागे जातात आणि त्यानंतर सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो, नाताळातही तेच. त्या दिवसांत सायंकाळचा डबाही उद्यानातच न्यावा लागतो. मेचा दुसरा लाभ असा की अमेरिकेतील शाळा अजून चालू असल्याने, महिनाअखेरच्या सुट्टीपर्यंत गर्दी आणि घरभाडे दोन्ही बेताचे असते. जूनपासून दुपारची वादळे सुरू होतात. आणि आषाढापासून चातुर्मासाचे नियम घेणाऱ्यांना प्रवासच नको असतो. सांगलीकरांनी मेचा दुसरा आठवडा धरला.

एक अडचण उरली होती. देवदर्शनाशिवाय अन्न न घेण्याचा नियम काही वडीलधाऱ्यांचा असतो. व्रत घेताना प्रवासाची मोकळीक ठेवली असेल तर प्रश्न नाही. नसेल तर मुक्कामाची जागा त्यावरूनच ठरवावी. मध्य फ्लोरिडाच्या जैन समाजाचे मंदिर आल्टामाँट स्प्रिंग्ज येथे, ऑरलँडो शहराच्या उत्तरेला आहे, डिझ्नी नैर्ऋत्येला. मोटारीने पाऊण तास, सायंकाळी अधिक. रोजच्या दर्शनाची निकड असेल तर उत्तरेकडे घर घ्यावे आणि उद्यानाचे दिवस कमी करावेत. दोन्ही टोके रोज गाठू म्हणणारे तिसऱ्या दिवशी थकतात. आक्कांच्या नियमात प्रवासाची मोकळीक होती. तरी भाड्याचे घर निघण्याच्या दिवशी सकाळी दहाला रिकामे करावे लागते आणि न्यू जर्सीचे विमान सायंकाळचे होते. मधले ते तास उद्यानाबाहेरच्या दुकानांत घालवण्याऐवजी त्या कुटुंबाने मंदिरासाठी राखले. उघडण्याची वेळ आदल्या दिवशी फोनवर विचारून घेतली, उरलेल्या पिठाच्या दशम्या पहाटेच करून घेतल्या, आणि आक्कांची पूजेची पिशवी सामानात सर्वांत वर ठेवली.