चेन बदलून टाका म्हणे!

परवा सिरसाळ्याला गेलो तेव्हा चुलतभावाने थोरल्या काकांचं घड्याळ पुढ्यात ठेवलं. "दादा, पुण्याहून ह्याची चेन बदलून आण. पार लुळी पडलीय." सेइको ६३०९, पाणबुड्यांचं घड्याळ. १९७६ ते १९८८ या काळात निघालेलं मॉडेल. काकांनी ते १९८४ साली मस्कतहून आणलं. तबकडीवर १५० मीटर लिहिलेलं आणि आमची विहीर जेमतेम सात परस! तरी काका ते घालूनच सूर मारायचे. (आता मात्र आतल्या रबरी रिंगा बदलून तपासून घेतल्याशिवाय ते बादलीतसुद्धा बुडवू नका.)

पुण्यातल्या दुकानदाराने चेन दोन बोटांत आडवी धरली. ती लोंबली. "टाकून द्या साहेब, आठशेत नवी बसवतो. ही तर ओरिजिनल पण नाही."

नाहीच आहे. या घड्याळाला कंपनी बहुधा रबरी पट्टा देई. तो घामाने चिकटतो म्हणून काकांनी तिथल्याच बाजारात स्टीलची चेन चढवून घेतली. पण पुढे तीस वर्षं ती त्यांच्याच मनगटावर होती ना? मग आमच्या घरात ओरिजिनल कुठली म्हणायची?

आणि मंडळी, चेन "लांबते" म्हणजे काय होतं हे कुणी सांगतच नाही. स्टील काही ताणलं जात नाही. या जुन्या चेनच्या कड्या पत्रा दुमडून केलेल्या असतात. सांध्यात घाम आणि धूळ शिरून त्याचा लगदा होतो, तो पॉलिश पेपरसारखा पिना घासतो आणि भोकं मोठी करतो. त्यावर "एक कडी काढून देतो" हा उपाय म्हणजे निव्वळ फसवणूक. चेन आखूड होते, झीज तिथेच राहते, आणि एक दिवस घड्याळ फरशीवर.

नव्या चेनची गंमत तर वेगळीच. या घड्याळाच्या स्प्रिंगच्या काड्या अडीच मिलिमीटर जाड, त्यांची टोकंही जाड. दुकानदाराचा हात गेला तो नेहमीच्या बारीक काड्यांच्या डबीकडे! त्या बसतात, पण भोकात हलत राहतात. मी घड्याळ उचललं आणि निघालो.

चेन कोमट साबणाच्या पाण्यात रात्रभर ठेवली, जुन्या टूथब्रशने घासली. पाणी कसलं, शाई निघाली. मग सिरसाळ्यालाच सोनाराकडे दिली. त्याने तार ओढून जरा जाड अशा नऊ पिना केल्या, उघडलेले पत्रे पकडीने हलकेच मिटवले. बफ मारायला निघाला होता, हातच धरला त्याचा :) कड्यांच्या कडा गेल्या की त्या परत येत नाहीत.

काकूंनी चेन हलवून पाहिली. म्हणाल्या, "वाजते अजून. पहिल्यापासून वाजायचीच ती."

पत्राच फाटला असेल तर माझाही हट्ट नाही. रोज घालायला खुशाल नवी घ्या, जुनी डब्यात ठेवा. पण आधी उघडून बघा तरी.

भावाला एवढंच बजावलंय: जाड काड्यांची जादा जोडी देव्हाऱ्याखालच्या खणात आहे. तेवढी हरवू नकोस बाबा.